अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे हप्ते आणि जीएसटीची रिटर्न : क्लायंटचे काम कोणत्या क्रमाने करावे

सप्टेंबरच्या १५ तारखेला दुपारी क्लायंटला फोन जातो, "आज अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे बेचाळीस हजार भरायचे आहेत." वर्षाच्या प्राप्तिकराचा हा आगाऊ हप्ता तो कुठून तरी जमवून भरतो. १९ तारखेला दुसरा फोन, "जीएसटीचे अडुसष्ट हजार लागतील, उद्या शेवटची तारीख." आता खात्यात पैसे नसतात. थ्रीबी (जीएसटीआर-३बी, महिन्याचा कर भरण्याचे रिटर्न) रखडते. महिनाभर रखडली तर १८ टक्क्यांनी व्याज आणि रोजची ५० रुपये लेट फी मिळून अडीच हजारांच्या आसपास जातात. खरे नुकसान त्यापुढे आहे. मागच्या महिन्याची थ्रीबी बाकी असेल तर पुढची जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचे रिटर्न) भरता येत नाही. ती गेली नाही की क्लायंटच्या गिऱ्हाइकाला क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) दिसत नाही, आणि गिऱ्हाईक पेमेंट अडवून धरते.

यात तारखा कुणालाच ठाऊक नव्हत्या असे नाही. क्रम चुकला, आणि पैशांची सूचना उशिरा गेली. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेले कर सल्लागार आणि दहा-पंधरा क्लायंट एकट्याने सांभाळणारे अकाउंटंट यांच्या कामात मला हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून एका महिन्याचे काम पहिल्या तारखेपासून कसे लावावे ते इथे मांडतो आहे.

एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तरी कार्यालयात आपण अजून ४४एडी (अनुमानित, म्हणजे उलाढालीच्या ठरीव टक्क्याने धरलेले उत्पन्न), २३४बी (वर्षाचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स कमी भरल्याचे व्याज), २३४सी (हप्ता चुकल्याचे व्याज) असेच बोलतो, म्हणून ओळखीसाठी तेच जुने क्रमांक ठेवले आहेत. हप्त्यांच्या तारखा आणि टक्के तेच आहेत.

## टप्पा १ : प्रत्येक क्लायंटचे एक पान तयार करा

हे काम एप्रिलमध्ये एकदाच करायचे. प्रत्येक क्लायंटसाठी एक पान, त्यावर पुढील गोष्टी:

१. पॅन, सर्व जीएसटी नंबर आणि प्रत्येक नंबरचा प्रकार: मासिक, तिमाही क्यूआरएमपी (रिटर्न तिमाहीला, कर महिन्याला) की कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीच्या ठरीव टक्क्याने कर).
२. उत्पन्न अनुमानित पद्धतीने दाखवतो की पूर्ण हिशेब ठेवून.
३. जुनी कर-पद्धत की नवी. धंद्याचे उत्पन्न असलेल्याला दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही, म्हणून हे गृहीत धरू नका, मागचे रिटर्न उघडून पाहा.
४. टीडीएस कोण कापते आणि साधारण किती.
५. ई-इनव्हॉइस लागू आहे का. २०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर लागू होते, यंदा ती खाली आली असली तरी.
६. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डीएससीची (डिजिटल सहीची) मुदत कधी संपते.

यातला सहावा मुद्दा सगळ्यात क्षुल्लक वाटतो आणि २० तारखेला रात्री तोच नडतो. ओटीपी मुलाच्या नंबरवर, मुलगा पुण्यात परीक्षेला, फोन बंद. किंवा भागीदारीत भांडण झालेले आणि ओटीपी बाहेर पडलेल्या भागीदाराकडे. एप्रिलमध्येच एकदा लॉगिन करून, ओटीपी मागवून खात्री करून घ्या.

क्यूआरएमपी ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना घेता येते. निवड बदलायची खिडकी ठरलेली असते. एप्रिल ते जून या तिमाहीसाठी ती १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल. ज्याची बहुतेक विक्री नोंदणीकृत व्यापाऱ्यांना आहे आणि ज्याची गिऱ्हाइके दर महिन्याला क्रेडिट तपासतात, त्याला मी मासिकच ठेवतो. किरकोळ दुकानदाराला क्यूआरएमपी सोयीची पडते.

इशारा: क्लायंटच्या कराचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन भरू नका, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी. चलन आपण तयार करावे, पैसे त्याच्या खात्यातून थेट जावेत. तसेच कोणते काम आपल्याकडे आहे आणि कागद कोणत्या तारखेपर्यंत मिळाले पाहिजेत याचे एक पानी पत्र दोघांच्या सह्यांनी ठेवा.

## टप्पा २ : दोन कॅलेंडर एका भिंतीवर आणा

बहुतेक कार्यालयांत इन्कम टॅक्सचे काम एकाकडे आणि जीएसटीचे दुसऱ्याकडे असते. दोघांच्या तारखा वेगळ्या वहीत. क्लायंटचे बँक खाते मात्र एकच असते. म्हणून एकच यादी करा.

मासिक क्लायंट: जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, टूबी (खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटची यादी) १४ तारखेला तयार होते, थ्रीबी २० तारखेला.

क्यूआरएमपी क्लायंट: पहिल्या दोन महिन्यांची बिले आयएफएफमध्ये पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत, त्या दोन महिन्यांचा कर पीएमटी-०६ चलनाने २५ तारखेपर्यंत, तिमाहीची जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेला, आणि थ्रीबी महाराष्ट्र व गोव्यात २२ तारखेला. दिल्ली किंवा उत्तर प्रदेशात क्लायंटचा दुसरा नंबर असेल तर तिथे २४.

कंपोझिशन: सीएमपी-०८ (तिमाहीचा कर भरण्याचे विवरण) तिमाहीनंतर १८ तारखेला.

अ‍ॅडव्हान्स टॅक्स: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत १००. हे टक्के एकूण कराचे आणि आधीचे हप्ते धरून आहेत. ४४एडी किंवा (डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांच्या) ४४एडीएमध्ये असलेल्याला एकच हप्ता, १५ मार्चला पूर्ण.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल तरच अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागतो. ६० वर्षे पूर्ण झालेल्या निवासी व्यक्तीला धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर तो भरावा लागत नाही. भाडे आणि व्याजावर जगणाऱ्या निवृत्त क्लायंटकडून उगाच हप्ते भरून घेतलेले मी पाहिले आहेत. चुकीचे नाही, पण त्याचे पैसे विनाकारण अडकतात.

आता या यादीत जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च पाहा. ११, १५, २०. दहा दिवसांत तीन कामे आणि दोन मोठी पेमेंट. या चार महिन्यांत आपल्या कार्यालयाच्या तारखा कायद्याच्या तारखांपेक्षा आधी आणा: जीएसटीआर-१ ९ तारखेला, अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा अंदाज १० ला, पैशांचा निरोप ११ ला.

## टप्पा ३ : १ ते ७ तारीख, कागद गोळा करणे

"बिले पाठवा" असा मोघम निरोप पाठवला की क्लायंट विक्रीची बिले पाठवतो आणि बाकीचे विसरतो. निरोपात एकेक गोष्ट नावाने मागा: विक्री रजिस्टर, क्रेडिट नोट व डेबिट नोट, खरेदी रजिस्टर, बँक स्टेटमेंट, रोखीचा खर्च, आणि त्या महिन्यात घेतलेले किंवा विकलेले यंत्र, गाडी, भंगार.

भंगार आणि जुनी गाडी या दोन नोंदी कायम निसटतात. मालकाला ती "विक्री" वाटतच नाही. बँक स्टेटमेंटमध्ये मोठी जमा दिसली की विचारा.

रिव्हर्स चार्जचे (विकणाऱ्याऐवजी घेणारा कर भरतो त्याचे) तीन नेहमीचे प्रकार दर महिन्याला तपासा: ट्रान्सपोर्टचे भाडे, वकिलाची फी, आणि नोंदणी नसलेल्या मालकाकडून घेतलेला गाळा किंवा शेड. शेवटचा प्रकार १० ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आणि अजून कितीतरी फायलींत तो दिसत नाही; कंपोझिशनवाल्याला तो लागत नाही. रिव्हर्स चार्जचा कर रोखीनेच, म्हणजे कॅश लेजरमधून (पोर्टलवरच्या रोख खात्यातून) भरावा लागतो, क्रेडिटने चालत नाही. म्हणून तो आकडा आधी कळला नाही तर २० तारखेचा हिशेब हमखास कमी पडतो.

सेवा देणाऱ्याने ॲडव्हान्स घेतला असेल तर त्यावर त्याच महिन्यात जीएसटी लागतो. मालाच्या ॲडव्हान्सवर लागत नाही. इंटिरिअर, कॉन्ट्रॅक्ट, कोचिंग असे क्लायंट असतील तर हा प्रश्न दर महिन्याला विचारा.

तपासा: बिलांचे अनुक्रमांक सलग आहेत का? ११७ नंतर थेट ११९ आले असेल तर ११८ रद्द झाले की राहिले हे आत्ता विचारा, मार्चमध्ये नाही.

## टप्पा ४ : जीएसटीआर-१ नऊ तारखेला

थ्रीबीतला विक्रीवरचा कर आता जीएसटीआर-१ मधूनच येतो आणि तिथे हाताने बदलता येत नाही. पूर्वी "थ्रीबीत बघून घेऊ" म्हणून जीएसटीआर-१ घाईत भरली तरी निभावून जायचे. आता इथली चूक म्हणजे तिथली चूक.

भरण्याआधी चार गोष्टी पाहा. गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर चालू आहे का. पुरवठ्याचे ठिकाण बरोबर आहे का. कर्नाटकातल्या बेळगावच्या गिऱ्हाइकाला आयजीएसटीऐवजी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरच्या कराऐवजी) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीवरचा केंद्राचा व राज्याचा कर) लावलेले बिल कोल्हापूरच्या फायलीत हमखास सापडते. एचएसएन कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक) किती आकडी आहे; ५ कोटींपर्यंत चार आणि वर सहा. आणि रजिस्टरची एकूण बेरीज पोर्टलवरच्या बेरजेशी जुळते का.

भरल्यानंतर चूक सापडली तर त्याच महिन्याची थ्रीबी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मध्ये दुरुस्त करता येते. ही संधी एकदाच मिळते, म्हणून पहिली चूक दिसली की लगेच भरू नका. सगळे रजिस्टर पुन्हा वाचा, मग एकदम भरा.

## टप्पा ५ : १० तारीख, अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा अंदाज

ऑगस्टची जीएसटीआर-१ नऊ तारखेला गेली की एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांची विक्री पक्की होते. सप्टेंबरच्या हप्त्याला यापेक्षा चांगला पाया मिळणार नाही. जीएसटी आधी आणि अंदाज नंतर, हा क्रम त्यासाठीच.

५.१ विक्रीवरून वर्षाचा अंदाज. पाच महिन्यांची विक्री भागिले पाच, गुणिले बारा असे करू नका. आंब्याच्या व्यापाऱ्याचे वर्ष जूनमध्ये संपलेले असते, फटाक्यांच्या दुकानदाराचे अजून सुरूही झालेले नसते. मागच्या वर्षी ऑगस्टअखेर वर्षाच्या विक्रीचा किती हिस्सा झाला होता तो काढा आणि तेच प्रमाण यंदाच्या आकड्याला लावा.

५.२ नफा. मागच्या वर्षीचा नफ्याचा टक्का घ्या, पण क्लायंटला दोन प्रश्न विचारूनच: भाव किंवा मजुरी बदलली का, आणि नवे यंत्र घेतले का. नव्या यंत्राचा घसारा मोठा असतो, पण ३० सप्टेंबरनंतर इतक्या उशिरा घेतले की वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर तो निम्माच मिळतो.

इशारा: जीएसटीतली विक्री आणि उत्पन्नातली विक्री एकच असते असे समजू नका. जीएसटीत यंत्र किंवा गाडीची विक्री येते, सेवेचा ॲडव्हान्स येतो, शाखेला पाठवलेला माल येतो. या तिन्ही गोष्टी आधी वजा करा. उलट बँकेचे व्याज, लाभांश, भाडे हे जीएसटीच्या आकड्यात नसते. त्यासाठी एआयएस (प्राप्तिकर पोर्टलवरचे वार्षिक माहिती विवरण) उघडा.

५.३ कर. समजा शिरोली एमआयडीसीत जॉबवर्क करणारा एक क्लायंट आहे, नव्या पद्धतीत, वर्षाचे करपात्र उत्पन्न १८ लाख होईल असा अंदाज. सध्याच्या टप्प्यांनुसार कर असा:

४ ते ८ लाखांवर ५ टक्के : २०,०००
८ ते १२ लाखांवर १० टक्के : ४०,०००
१२ ते १६ लाखांवर १५ टक्के : ६०,०००
१६ ते १८ लाखांवर २० टक्के : ४०,०००

एकूण १,६०,०००, त्यावर ४ टक्के सेस ६,४००, म्हणजे १,६६,४००. गिऱ्हाइकांनी कापलेला टीडीएस २६,४०० होईल असे धरले तर उरतो १,४०,०००. मग जूनमध्ये २१,०००, सप्टेंबरअखेर एकूण ६३,०००, डिसेंबरअखेर १,०५,००० आणि मार्चला १,४०,०००. जूनचा हप्ता भरला असेल तर सप्टेंबरमध्ये भरायचे ४२,०००.

५.४ न भरल्यास काय. क्लायंट विचारतोच, "मार्चमध्ये एकदम भरले तर?" उत्तर आकड्यात द्या. जून, सप्टेंबर, डिसेंबर तिन्ही चुकवून १५ मार्चला १,४०,००० भरले तर २३४सीचे व्याज २१,००० वर ३ टक्के म्हणजे ६३०, ६३,००० वर १,८९० आणि १,०५,००० वर ३,१५०, एकूण ५,६७०. मार्चही चुकवला आणि ३१ जुलैला रिटर्नबरोबर भरले तर २३४सीमध्ये आणखी १,४०० वाढतात आणि २३४बीचे चार महिन्यांचे ५,६०० वेगळे. एकूण १२,६७०. हा कागद त्याच्यासमोर ठेवला की निर्णय तो घेतो. काही क्लायंट जाणूनबुजून व्याज भरणे पसंत करतात, कारण त्यांना तेवढेच पैसे त्या तिमाहीत धंद्यात हवे असतात. तो त्यांचा अधिकार आहे. तुमचे काम आकडा वेळेवर सांगणे.

५.५ अंदाज चुकला तर. घाबरू नका. वरच्याच क्लायंटला दिवाळीनंतर मोठी ऑर्डर मिळाली, उत्पन्न २२ लाखांवर गेले आणि टीडीएस ३६,००० झाला असे धरा. कर सेससह २,६०,०००, टीडीएस वजा जाता २,२४,०००. डिसेंबरअखेर ७५ टक्के म्हणजे १,६८,००० हवेत, ६३,००० भरलेले आहेत, म्हणून १,०५,००० भरायचे. जून आणि सप्टेंबरच्या कमतरतेवर ३७८ अधिक १,१३४, म्हणजे १,५१२ रुपये व्याज लागेल, कारण २३४सीचा हिशेब शेवटी रिटर्नमधल्या उत्पन्नावर होतो. हे त्याला डिसेंबरमध्येच सांगून ठेवा. जूनला १२ टक्के आणि सप्टेंबरला ३६ टक्के भरलेले असतील तर त्या हप्त्यांवर व्याज लागत नाही, एवढी सूट कायद्यात आहे.

भांडवली नफा, लाभांश किंवा त्या वर्षी पहिल्यांदाच सुरू झालेला धंदा यांचा अंदाज आधी बांधता येत नाही हे कायदा मान्य करतो. त्यावरचा कर उरलेल्या हप्त्यांत, आणि हप्ते संपले असतील तर ३१ मार्चपर्यंत भरला की आधीच्या हप्त्यांचे व्याज लागत नाही. फक्त क्लायंटने जमीन किंवा शेअर विकल्याचे तुम्हाला त्या वेळी सांगितले पाहिजे. दर तिमाहीच्या निरोपात हा प्रश्न घालाच.

## टप्पा ६ : ११ तारीख, एकच निरोप

दोन्ही करांची रक्कम एका निरोपात जाऊ द्या. मी असा पाठवतो:

"नमस्कार साहेब. १५ तारखेपर्यंत अ‍ॅडव्हान्स टॅक्स ४२,००० रु. आणि २० तारखेपर्यंत जीएसटी अंदाजे ६८,००० रु. लागतील. एकूण १,१०,००० रु. पहिल्या रकमेची १५ च्या आत आणि दुसरीची १८ तारखेपर्यंत खात्यात तजवीज ठेवावी. जीएसटीचा पक्का आकडा १६ तारखेला कळवतो. या तिमाहीत जमीन, शेअर किंवा गाडी विकली असल्यास सांगावे."

जीएसटीचा आकडा या दिवशी अंदाजेच असतो, कारण टूबी अजून आलेली नसते. खरेदी रजिस्टरवरून काढा आणि ज्या पुरवठादारांचे रिटर्न नेहमी उशिरा येते त्यांचे क्रेडिट धरूच नका. आकडा नंतर कमी झाला तर क्लायंट खूश होतो, वाढला तर त्याचा विश्वास उडतो.

## टप्पा ७ : १४ ते १६, आयएमएस आणि टूबी

आयएमएसमध्ये (जीएसटी पोर्टलवर बिले तपासण्याच्या सोयीत) पुरवठादारांची बिले दिसतात. प्रत्येक बिल स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येते. काहीच केले नाही तर स्वीकारले असे धरले जाते. म्हणून वेळ कमी असेल तेव्हा निदान अनोळखी पुरवठादारांची बिले तरी उघडून पाहा. दुसऱ्याच्याच मालाचे बिल तुमच्या क्लायंटच्या नंबरवर चढलेले असते.

"नाकारा" हे बटण जपून वापरा. क्लायंटच्या पुरवठादाराची क्रेडिट नोट तुम्ही नाकारलीत तर त्याचा कर वाढतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन येतो. आधी विचारा, मग नाकारा.

१४ तारखेनंतर आयएमएसमध्ये काहीही बदलले तर टूबी पुन्हा तयार करून घ्यावी लागते. हे विसरले की थ्रीबीत जुनाच आकडा येतो.

मग जुळवणी. खरेदी रजिस्टरमध्ये आहे पण टूबीत नाही अशा बिलांची यादी पुरवठादाराच्या नावासह क्लायंटला द्या. फोन त्याने करायचा, कारण पैसे त्याचे आहेत. टूबीत आहे पण रजिस्टरमध्ये नाही ती बिले एक तर क्लायंटने दिलेली नाहीत, नाही तर त्याची नाहीत. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नसतील तर क्रेडिट परत करावे लागते, म्हणून जुनी देणी दर तिमाहीला चाळा.

तपासा: टूबीत क्रेडिट दिसते म्हणजे ते घेता येते असे नाही. मालकाच्या घरची गाडी, कामगारांचे जेवण, स्वतःच्या इमारतीचे बांधकाम यांचे क्रेडिट आधी बाजूला काढा.

## टप्पा ८ : चलन

प्राप्तिकराचे चलन पोर्टलच्या ई-पे टॅक्समधून करा. इथे दोनच चुका होतात, पण दोन्ही त्रासदायक.

पहिली प्रकाराची. अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा कोड १००, सेल्फ असेसमेंटचा ३००. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याच कार्यालयात डिसेंबरचा एक हप्ता ३०० मध्ये गेला होता. रिटर्नच्या वेळी तो हप्त्यांत धरला गेला नाही आणि दुरुस्तीच्या अर्जात कित्येक आठवडे गेले. आता प्रकाराची दुरुस्ती पोर्टलवर ३० दिवसांच्या आत करता येते, वर्षाची मात्र फक्त ७ दिवसांत. म्हणून चलनाची पावती त्याच दिवशी डोळ्यांखालून घाला.

दुसरी वर्षाची, आणि ती या संक्रमणाच्या काळात जास्त होणार. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या उत्पन्नाचे आकारणी वर्ष २०२६-२७, जुन्या कायद्याखाली. एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ या उत्पन्नाचे कर वर्षही २०२६-२७, पण नव्या कायद्याखाली. आकडे तेच, वर्षे वेगळी. जुलै २०२६ मध्ये भरलेला सेल्फ असेसमेंटचा कर आणि सप्टेंबर २०२६ चा हप्ता यांत गल्लत होऊ देऊ नका. चलन करताना कायदा आणि वर्ष दोन्ही मोठ्याने वाचा, शेजारच्याला ऐकू द्या.

जीएसटीच्या चलनात चूक होते ती रकान्यांची. आयजीएसटीचे क्रेडिट आधी पूर्ण वापरावे लागते, मग सीजीएसटी आणि एसजीएसटी. सीजीएसटीचे क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही. गुजरातमधून कच्चा माल घेणाऱ्या क्लायंटकडे आयजीएसटीचे क्रेडिट भरपूर असते. ते सीजीएसटी आणि एसजीएसटीत कसे वाटायचे हे आधी ठरवा, त्यावरून कोणत्या रकान्यात किती रोख लागेल ते काढा, मगच चलन तयार करा. चुकीच्या रकान्यात गेलेच तर पीएमटी-०९ ने हलवता येते.

एनईएफटीने भरणाऱ्या क्लायंटला १८ तारखेलाच सांगा. २० ला संध्याकाळी पाठवलेले पैसे त्या दिवशी लेजरमध्ये दिसतीलच याची खात्री नसते.

## टप्पा ९ : थ्रीबी १८ किंवा १९ तारखेला

विक्रीचा कर जीएसटीआर-१ प्रमाणे आहे, क्रेडिट टूबीच्या मर्यादेत आहे, रिव्हर्स चार्ज भरला आहे आणि त्याचे क्रेडिटही घेतले आहे, परत करायचे क्रेडिट योग्य ओळीत आहे. एवढे पाहून ऑफसेट करा, म्हणजे क्रेडिट आणि रोखीतून कर वळता करा. विक्रीची उलाढाल शून्य असली तरी थ्रीबी भरावीच लागते. शून्य रिटर्नलाही रोज २० रुपये लेट फी आहे.

इशारा: कागद अपुरे असल्यामुळे थ्रीबी २० ला जाणारच नसेल तर निदान पैसे २० च्या आत कॅश लेजरमध्ये भरून ठेवा आणि त्यांना हात लावू नका. जुलै २०२४ मध्ये नियम ८८बी बदलल्यापासून, देय तारखेपासून ऑफसेट होईपर्यंत लेजरमध्ये पडून असलेल्या रकमेवर व्याज लागत नाही. लेट फी चुकत नाही, पण मोठ्या रकमेवर फरक पडतो.

क्यूआरएमपीवाल्यांचे पीएमटी-०६ २५ तारखेला. मागच्या तिमाहीत रोखीने भरलेल्या कराच्या ३५ टक्के भरण्याचा ठरीव पर्याय घेतला तर प्रत्यक्ष कर जास्त निघाला तरी त्या महिन्यांसाठी व्याज लागत नाही. मात्र सणाच्या आधीच्या तिमाहीवर आधारलेली रक्कम सणाच्या तिमाहीत फार कमी पडते आणि सगळा भार शेवटी एकदम येतो. अशा क्लायंटला मी प्रत्यक्ष हिशेबाचा पर्याय देतो.

## टप्पा १० : मार्च

मार्चला वेगळे पान द्या. १५ मार्चच्या हप्त्याआधी पुरवठादारांच्या बाकी देण्यांची यादी मागवा. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागते. ही मुदत उलटून ३१ मार्चला देणे बाकी राहिले तर तो खर्च यंदा मिळत नाही आणि उत्पन्न तेवढ्याने वाढते. पुरवठादार उत्पादक किंवा सेवा देणारा असेल तर हे लागू होते, निव्वळ व्यापारी असेल तर नाही. पंधरवडा हातात असताना हे सांगितले तर क्लायंट पैसे देऊन कर वाचवू शकतो. एप्रिलमध्ये सांगून उपयोग नसतो.

४४एडीवाल्यांना १ मार्चलाच निरोप पाठवा. वर्षभर कुणी काही मागितलेले नसते, त्यामुळे पूर्ण रक्कम एकदम ऐकून त्यांना धक्का बसतो.

१५ मार्च हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम अ‍ॅडव्हान्स टॅक्समध्येच धरली जाते. २३४सीचे शेवटच्या हप्त्याचे १ टक्का जाते, पण एकूण भरणा ९० टक्क्यांवर गेला तर २३४बी टळते. म्हणून ३० मार्चला थकलेल्यांची यादी पुन्हा एकदा काढा.

३१ मार्चनंतर वर्षाची विक्री तीन ठिकाणी एकमेकांशी लावून पाहा: पुस्तके, बारा महिन्यांच्या थ्रीबी, आणि एआयएसमध्ये दिसणारी जीएसटीची उलाढाल. फरक असेल तर त्याचे कारण एका ओळीत लिहून त्याच फायलीत ठेवा. राहिलेले क्रेडिट घेण्याची आणि जुनी बिले दुरुस्त करण्याची शेवटची तारीख वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर. मी ही जुळवणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा करतो, म्हणजे पुरवठादाराला फोन करून बिल चढवून घ्यायला क्लायंटच्या हातात दोन महिने राहतात.